वाळेपर्यंत बाहेर बसा

माणूस दारात येऊन उभा राहतो. जमीन नुकती सारवलेली आहे, ओली आहे, हे त्याला दिसतं. तो जमिनीकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि आत येतो. बघणं आणि आत येणं यांच्या मधल्या क्षणात त्याच्या डोक्यात काय चालतं, हे मला आजवर कळलेलं नाही. हॉटेलच्या धंद्यात उभं आयुष्य गेलं, पण हे कोडं काही सुटलं नाही.

धंद्यातले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, मी आमच्या भज्यांबद्दल लिहीन. भज्यांबद्दल गिऱ्हाइकं बोलतातच, जरा जास्तच बोलतात. जमिनीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून मी जमिनीबद्दल लिहितो. माझी शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झाली. मराठी लिहायला मी नंतर शिकलो, तेव्हा शुद्धलेखनाचं संपादकांनी बघून घ्यावं.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. नळदुर्गाला मोटारी थांबायच्या त्या जागेसमोर बसलिंगअण्णांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक लांबट खोली. दाराशी भट्टी, भट्टीशेजारी अण्णांची बैठक, आत दोन्ही भिंतींना लागून बाकडी, आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली दगडी कट्टा. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली असे. सोलापूरहून निघालेली मोटार आमच्याकडं पोचेपर्यंत आतली माणसं लोहारासारखी काळी होऊन उतरायची. उतरली की सरळ आत. साखरेची मारामार होती, चहा गुळाचा होता, पण त्या माणसांना तो अमृतासारखा लागायचा. मला त्यांच्या चहाचं काही नव्हतं. मला त्यांच्या पायांचं होतं.

आमची जमीन मातीची होती. शहाबादी फरशी टाकू, असं अण्णा दर दसऱ्याला म्हणत आणि दर दिवाळीला विसरत. आज घराघरात फरशी आहे, म्हणून नव्या वाचकांसाठी सांगतो, सारवणं म्हणजे काय. आधी बाकडी बाहेर काढायची. झाडून खड्डे ओल्या मातीनं बुजवायचे. मग शेणात पाणी कालवायचं, फार पातळ नाही, फार घट्ट नाही. कडबा खाणाऱ्या जनावराचं शेण चांगलं, पावसाळ्यात हिरवा चारा खाणाऱ्याचं नुसतं पाणी. गुडघ्यावर बसून पंज्यानं ते जमिनीवर ओढायचं, एकाला एक लागून कमानी काढत. सुरुवात मागच्या भिंतीपासून करायची आणि उलटं सरकत दाराशी यायचं. उंबऱ्याबाहेर पडलं की काम संपलं. त्यानंतर एकच गोष्ट करायची असते, ती म्हणजे काही न करणं. वाळेपर्यंत आत कुणी जायचं नाही. उन्हाळ्यात चटकन वाळतं, श्रावणात दुपार होते. ओल्यावर एक पाऊल पडलं तर तेवढंच पुसून चालत नाही, जोड दिसतो, पोपडा धरतो, आणि पुढच्या बाजारापर्यंत तिथं खड्डा होतो. म्हणून पाऊल पडलं की तो सगळा पट्टाच पुन्हा सारवायचा.

हे काम आधी माझी आई करायची. तिचे गुडघे गेल्यावर अण्णांनी दुसरी बाई शोधली, पण मोटारस्टँडवरच्या हॉटेलात कोण येणार? मी तिथंच चहा द्यायचं काम करत होतो. एके दिवशी शेणाची पाटी माझ्यासमोर आली आणि ती पुढं कित्येक वर्षं हलली नाही. बाप्या माणूस सारवतोय, हे बघायला सुरुवातीला गावातली माणसं मुद्दाम यायची. बांगड्या भरतोस का, हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला की पुढं पुढं समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मी मान हलवायचो.

बाकडी कट्ट्यावर मांडलेली असत. चहा बाहेर तोच, भजी तीच, वर लिंबाची सावली. तरीही माणसाला आतच यायचं असे. काही जण चवड्यांवर चालत यायचे. टाच टेकवली नाही की पाऊल उमटत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. अहो, टाचेचा निदान एक सरळ खड्डा पडतो, चवड्यानं पाच बोटं आणि वर घसरण, असं सगळं चित्र निघतं. त्याहून नामी तो, जो मध्यापर्यंत येतो, आपली पावलं बघतो, 'अरेरे' म्हणतो, आणि चूक सुधारायला दुसऱ्या बाजूनं परत जातो. एक जण यायचा, तो उंबऱ्यातून बोट लावून बघायचा, मग अंगठा लावून बघायचा, मग अख्खा पाय ठेवून सांगायचा, की अजून ओलं आहे.

कचेरीतला एक चपराशी होता. छातीवर पितळी बिल्ला. ओली जमीन ही रयतेसाठी असते, सरकारी माणसाला ती लागू नाही, असं त्याचं म्हणणं. मी अडवलं की तो बिल्ल्याला हात लावून म्हणायचा, "हमारेकू रोकता क्या रे?" आणि मधोमध चालत जाऊन गणपतीच्या तसबिरीखाली बसायचा. तिथं बाकडं नसे, ते बाहेर असे. मग तो बाकडं आत आणायला सांगायचा. त्याला जमिनीचं वावडं नव्हतं, त्याला बाहेर बसण्याचं वावडं होतं. बाहेर बसला तर तो चारचौघांसारखा दिसायचा.

अण्णांकडं तक्रार नेऊन उपयोग नव्हता. गिऱ्हाईक नाराज होता कामा नये आणि जमीन खराब होता कामा नये, असे दोन हुकूम ते एका दमात द्यायचे. त्यांची घरची भाषा कानडी. मी फार कुरकुरलो की ते "सुम्मनिरो" म्हणायचे, म्हणजे गप राहा. कानडीतला हा एक शब्द मी जितक्या वेळा ऐकला तितका कुणी ऐकला नसेल.

या सारवणापायी माझं लग्न अडलं होतं. जळकोटचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलीचा भाऊ न कळवता हॉटेलात आला. मी कोपरापर्यंत शेणात होतो. त्यानं कट्ट्यावर चहा घेतला, माझ्याकडं बघत घेतला, आणि गेला. मागून निरोप आला, की पोरगा बायकांची कामं करतो, आम्हाला जमणार नाही. ही गोष्ट गावभर झाली आणि त्यानंतर स्थळ म्हणून कुणी आमच्याकडं फिरकलं नाही. आईला उठता बसता भिंत धरावी लागे. ती भाकरी थापताना मध्येच हात थांबवून दाराकडं बघत राही. मलाही वाईट वाटायचं. माझ्या वयाच्या सगळ्यांची लग्नं होऊन गेली होती, आणि माझ्या वाट्याला नुसती पाटी होती.

शेवटी माझ्या मामानं बेंबळीचं स्थळ काढलं. मुलीचं नाव सुंदरा. बाप नव्हता, चुलत्यानं वाढवलेली. मामानं सांगितलं, की चुलता येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी हॉटेलात येईल. नाव सांगणार नाही, ओळख देणार नाही, कामावर मुलगा कसा वागतो तेवढं बघून जाईल. आमच्याकडं तेव्हा अशीच रीत होती, मुलाला घरी बघायचं ते नुसतं नावाला, खरं बघणं असं बाहेरून. खूण एवढीच, की माणूस पिवळा पटका बांधतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी सारवण चुकवता येत नव्हतं. मी अण्णांना विनवून बघितलं, त्यांनी 'सुम्मनिरो' म्हटलं. निघताना आई भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आली.

"आज जिभेला गाठ मार," ती म्हणाली. "कुणी कायबी म्हणू दे, कसाबी वागू दे. तू हसून व्हय म्हण."

मी व्हय म्हणालो.

श्रावणातला दिवस, आभाळ भरलेलं. मी सकाळच्या मोटारीची माणसं गेल्यावर कामाला लागलो आणि भराभर दारापर्यंत आलो. कट्ट्याच्या टोकाला एक वयस्क बाई गाठोडं आणि काठी घेऊन बसली होती. त्या काळी बाईमाणूस गिऱ्हाईक म्हणून हॉटेलात पाऊल ठेवत नसे, गाडीची वाट बघणाऱ्या बाया कट्ट्यावरच बसत. तिनं मला विचारलं, वाळायला किती वेळ लागेल रे बाबा. मी म्हणालो, ऊन पडलं तर लवकर, नाहीतर दुपार. तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि तिला विसरून गेलो. माझं लक्ष रस्त्यावर होतं.

आणि पिवळा पटका आला. हातात छत्री, पायात करकरणाऱ्या वहाणा, मिशा पिळलेल्या. अण्णांनी सवयीनं गाव विचारलं, तर म्हणाला, बेंबळी. हाच तो, मी हात पुसून पुढं झालो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नाव विचारलं, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत वहाणांसकट आत शिरला.

एरवी मी काय बोललो असतो ते छापण्यासारखं नाही. त्या दिवशी मी हसलो. "या, या," म्हणालो. तो थेट मागच्या भिंतीशी गेला, कारण तिथं वारा लागतो. वारा लागतो कारण तिथं खिडकी आहे, आणि खिडकीतून येतो तो बाहेरचाच वारा आहे, आणि कट्ट्यावर सगळाच वारा आहे. हे मी मनात म्हटलं. प्रत्यक्षात मी त्याला बाकडं नेऊन दिलं, माझ्याच सारवणावरून, माझ्याच पायांनी. परत येताना उलटं सरकत सगळा पट्टा पुन्हा काढला.

चहा दिला. तो म्हणाला, गूळ कमी. उठून स्वतः भट्टीशी आला, स्वतः गूळ टाकून घेतला, परत गेला. दोन्ही वेळा वेगळ्या वाटेनं. मी सारवलं. मग त्याला तंबाखू थुंकायची होती. खिडकी हाताशी असताना तो दारापर्यंत आला, थुंकला, आणि दारातल्या रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. माझ्या मनात आलं, चला, माणसाला लाज आहे. तो ते निथळते पाय घेऊन पुन्हा आत गेला. शेणाची पाटी संपली. मी मागच्या गोठ्यात जाऊन दुसरी आणली. पावसाळ्यातलं शेण, नुसतं पाणी.

अण्णा माझ्याकडं टक लावून बघत होते. एरवी एका पावलावरून आकाशपाताळ एक करणारा हा पोरगा आज हसतोय काय, 'बसा की' म्हणतोय काय. मला ताप आला आहे का, असं त्यांनी हळूच विचारलंदेखील. कट्ट्यावरची ती बाई तशीच बसून होती. तिची गाडी काही येत नव्हती.

मी तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसून दाराकडं सरकत होतो. तेव्हा त्याला तिथं ऊन लागायला लागलं. होय, ऊन पडलं होतं, ज्याची मी सकाळपासून वाट बघत होतो ते. त्यानं बाकडं उचललंसुद्धा नाही. बसल्या बसल्या पायानं रेटत ओढलं, भिंतीपासून मध्यापर्यंत, आणि चारही पायांनी जमिनीला नांगराच्या तासासारख्या रेघा पाडल्या. मी त्या रेघांकडं बघत राहिलो. माझा चेहरा बघून त्याला हसू आलं.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "बायकी काम घेतलंस न्हवं? मग बायकांवाणी गुमान परत सारव."

आईला दिलेला शब्द मला आठवत होता. सुंदराला मी बघितलं नव्हतं, पण तीही आठवली. आणि त्याच वेळी आईचे गुडघे डोळ्यांसमोर आले, काळे पडलेले, घट्टे पडलेले, रात्री एरंडेल लावून शेकायचे. तिलाही इथं असंच कुणीतरी म्हटलं असेल, आणि ती गुमान पुन्हा बसली असेल. माझं डोकंच फिरलं.

"उठा," मी म्हणालो. "चा भायेर बी मिळतो. वाळेपर्यंत भायेर बसा."

"गिऱ्हाइकाला उठवतोस?"

"व्हय, उठवतो. माझ्या आईचे गुडघे ह्याच जमिनीवर गेले. बाई, वाळलंय का, येऊ का, असं एकानं बी तिला कधी इचारलं न्हाय. तुमची पोरगी द्यायची तर द्या, न्हाय तर नका देऊ. पर खाली बघून चाला."

अण्णा जागचे उठले. तो माणूस तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होता.

"पोरगी?" तो म्हणाला. "कुणाची पोरगी? म्या कडब्याच्या सौद्याला आलोय."

म्हणजे सकाळपासून मी ज्याच्या पायांखाली जमीन आणि जीव दोन्ही अंथरले होते, तो कुणीच नव्हता. एक सौदागर. बेंबळी काही दोन घरांचं गाव नाही आणि पिवळे पटके बाजारात ढिगानं मिळतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तो शिव्या देत गेला, जाताना मधोमध चालत गेला, आणि या हॉटेलात पुन्हा पाय ठेवणार नाही असं अण्णांना बजावून गेला. पुढच्याच बाजाराला तो आला आणि आत बसला, ती गोष्ट वेगळी.

मला हसावं की रडावं कळेना. खरा चुलता अजून यायचाच होता आणि माझ्या अंगात पुन्हा हसायची ताकद उरली नव्हती. मी पाटी ओढली आणि बाकड्याच्या रेघा बुजवायला बसलो. एवढ्यात दारातून आवाज आला.

"त्या कोपऱ्यात हात हलका पडलाय."

कट्ट्यावरची म्हातारी उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभी होती. आता हिची कमी होती, असं मला झालं. सल्ला देणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितली होती, पण ही तर गिऱ्हाईकही नव्हती. मावशी, तुमची गाडी कवा येणार, असं मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

"माझी गाडी सकाळीच गेली," ती म्हणाली. "म्या सुंदराची आत्या. भावाला ताप आलाय, म्हणून म्या आले."

हात शेणात, तोंडावर शेणाचे शिंतोडे, आणि नुकतंच एका गिऱ्हाइकाला हाकलून दिलेलं. झालं ते सगळं तिनं बघितलं होतं, ऐकलं होतं. जळकोटच्यासारखा निरोप आता इथंच तोंडावर मिळणार, अशी तयारी करून मी खाली बघत राहिलो. ती मात्र जमिनीकडं बघत होती. कमानी एकीला एक लागल्या आहेत का, कडेला हात पोचला आहे का, असं सगळं ती डोळ्यांनी तपासत होती. पाऊल मात्र तिनं उंबऱ्याच्या आत टाकलं नाही.

"उभा जल्म सारवण्यात गेला माझा," ती म्हणाली. "बाप चालत गेला वल्यावरनं, नवरा गेला, लेकं गेली. आपुन परत सारवायचं, ह्येच ठावं. सारवणापायी भांडलेला बाप्या म्या आज पयल्यांदा बगितला."

ती वळून कट्ट्याकडं निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "कोपरा तेवढा घ्या, जावईबापू." अण्णांनी तिला चहा दिला. त्या चहात त्यांनी जपून ठेवलेली साखर घातली होती, हे मला नंतर कळलं.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. पोलीस ॲक्शनच्या वर्षी लष्कराच्या गाड्या याच रस्त्यानं आल्या आणि हॉटेलात इतके बूट चालले की अण्णांनी कंटाळून शेवटी शहाबादी फरशी टाकली. ओल्या फरशीवरूनही माणसं तशीच चालतात. फरक एवढाच, की आता चालताना घसरतात आणि दोष मला देतात. ते सगळं लिहायचं तर अंक पुरणार नाही.

पण आत्या आमच्या घरी पहिल्यांदा आली तो दिवस सांगतो. तिच्यासाठी म्हणून मी पहाटे उठून घर सारवलं. सुंदरा नको म्हणत होती, पण मला तो कोपरा नीट करून दाखवायचा होता. आभाळ आलं आणि जमीन वाळेना. पाहुणी दारात आणि घर ओलं. मी ओशाळून म्हणालो, आत्या, या आत, काही होत नाही, मी पुन्हा सारवीन. तिनं ऐकलंच नाही. ओट्यावर पाय लांब करून बसली आणि आईशी बोलत राहिली.

तेवढ्यात माझा मामा आला. हाच तो सोयरीक जुळवणारा. वहाणा काढल्या, जमिनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पाय उचलला. आत्यानं बोलणं न थांबवता काठी उचलून दारात आडवी धरली.

"थांबा," ती म्हणाली. "जावयानं सारवलंय."

मामा आयुष्यात कुठल्या दारात थांबलेला नव्हता. त्यानं काठीकडं बघितलं, आईकडं बघितलं. आई हसत होती. मग तो मुकाट्यानं ओट्यावर आत्याच्या शेजारी बसला, आणि जमीन वाळेपर्यंत आम्ही सगळे बाहेर बसलो.